पोरी, भाताआधी पाणी बघ

पोरी,

सासऱ्यांचं क्रिएटिनिन वाढलं, आणि त्याच सुमारास कुणीतरी मोबाईलवर दाखवलं की तांदळात जड धातू असतात, त्यांनी किडनी जाते. म्हणून तू घरातला भात बंद केलास आणि तीन वेळा ज्वारी सुरू केलीस, असं तुझ्या आईकडून कळलं. तुझी भीती खोटी नाही. पण किडनीच्या माणसाच्या ताटात अर्ध्या माहितीवर फेरफार करणं हे त्या भातापेक्षा धोक्याचं आहे. माझं आयुष्य शेती खात्यात गेलं, बिलोली-देगलूरकडच्या मातीत आणि खतांच्या पोत्यांत. स्वयंपाकातलं जे सांगतो ते माईचं, म्हणजे तुझ्या आजीचं. दोन्ही मिळून सांगतो.

भातातून किडनी जाते, हे जगाने पाहिलेलं आहे. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्त-शिशाची खाण होती. खाणीतलं कॅडमियम नदीत उतरलं, नदीचं पाणी भातखाचरांत गेलं आणि तो भात लोकांनी वर्षानुवर्षं खाल्ला. कॅडमियम मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत साठतं. नळ्या बिघडल्या की शरीराने राखून ठेवायचं ते लघवीवाटे वाहून जातं, हाडं मऊ पडतात, नुसत्या खोकल्याने बरगडी मोडते. 'इताई-इताई' नावाचा हा आजार प्रदूषणातून आलेला आहे, हे जपान सरकारने १९६८ साली मान्य केलं. बिघडलेल्या खाचरांची माती बदलण्याचं काम २०१२ सालापर्यंत चाललं. त्यात सगळ्यात जास्त कोण भरडलं, तर पन्नाशीच्या पुढच्या, पाठोपाठ बाळंतपणं झालेल्या बाया. हे ध्यानात ठेव, पुढे कामाला येणार आहे. आणि दुसरं, किडनीत गेलेलं कॅडमियम निम्मं कमी व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. त्याला धुऊन काढणारं औषध नाही. आत जाऊ न देणं एवढंच आपल्या हातात आहे.

आता आपल्या मातीचं ऐक, कारण तिच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. आपल्याकडची काळी जमीन चुनखडीची. अशा जमिनीत कॅडमियम मातीला धरून राहतं, मुळांना सहज मिळत नाही. आम्लधर्मी जमिनीत ते मोकळं सुटतं. चीनच्या हुनान प्रांतातल्या तांदळात कॅडमियम सापडल्याचा २०१३ साली गाजावाजा झाला, तिथे कारखाने आणि खाणी होत्याच, वर माती आम्ल. आपल्याकडे जे पेरसाळ करतात, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे प्रभावती, पराग असे वाण घेतात, त्यांना या चुनखडीचा त्रास ठाऊक आहे. पीक महिन्याभराचं झालं की पानं पिवळी पडतात, केवडा येतो, मग हिराकस फवारावं लागतं. ज्या चुन्यामुळे साळीला लोह मिळत नाही, तोच चुना कॅडमियमलाही रोखतो. शेतकरी त्या चुन्याला शिव्या देतो, मी मात्र त्याचे उपकार मानतो.

पण या भरवशावर जमिनीत काहीही टाकायचं नाही. तुझ्या सासरी सोयाबीन आणि तूर आहे, साळ नाही, तरी हे लागू आहे. स्फुरदाचं खत ज्या दगडापासून बनतं त्या दगडातच थोडं कॅडमियम असतं. ते दर वर्षी थोडं थोडं मातीत राहतं आणि निघून जात नाही. म्हणून माती तपासून, लागेल तेवढंच डीएपी किंवा सुपर फॉस्फेट टाकायला सांग. शेजाऱ्याने दोन पोती टाकली म्हणून आपण तीन टाकायची नाहीत. मृदा पत्रिकेत जस्त कमी दाखवलं असेल तर झिंक सल्फेट जरूर द्या. जस्त भरपूर असलं की पीक कॅडमियम कमी उचलतं. शहरातल्या कचऱ्याचं कंपोस्ट स्वस्त मिळतं म्हणून ट्रॉली भरून आणण्याआधी त्याचा तपासणी अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात अशा कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा घातलेली आहे, आणि विकणाऱ्याला ती माहीत असते. उकिरड्यावर बॅटरीचे सेल, मोबाईलची जुनी बॅटरी, रंगाचे डबे, जळालेल्या वायरी टाकू नका. उकिरड्याचं सगळं शेवटी शेतात जातं.

भाजी घेताना एक पाळ. शहराचा नाला जिथे नदीला मिळतो, त्या काठावर हिरवागार पालक दिसतो. तो घेऊ नकोस. पालेभाजी धातू दाण्यापेक्षा जास्त उचलते, आणि नाल्याच्या पाण्यात गॅरेजपासून मुलामा देणाऱ्यापर्यंत सगळ्यांचं धुवण असतं.

आता तांदळाकडे येतो. आमच्या लहानपणी भात म्हणजे सणाचा, पाहुण्याचा नाही तर तापातून उठलेल्या माणसाचा. रोजची ज्वारीची भाकरी. रेशनवर तांदूळ आला आणि चुलीवरचा तवा मागे पडला. दुकानात येणारा तांदूळ पूर्व विदर्भातला, तेलंगणातला, आणखी कुठकुठला. म्हणजे आपल्या मातीचा चुना त्याला राखणीला नाही. आणि तांदळाचा स्वभाव वेगळा आहे. साळ पाण्यात उभी असते, पाण्याखालच्या मातीला हवा मिळत नाही, अशा वेळी मातीतलं आर्सेनिक सुटून पाण्यात येतं आणि मुळांवाटे दाण्यात जातं. गहू-ज्वारीत हे एवढं होत नाही. ज्या भागात विहिरीच्या पाण्यातच आर्सेनिक आहे तिथे भर पडते, जसा बंगाल, बिहार, किंवा गडचिरोली-गोंदियाला लागून असलेल्या छत्तीसगडमधला अंबागड चौकीकडचा भाग. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत पॉलिश तांदळासाठी कॅडमियम किलोला ०.४ मिलिग्रॅम आणि असेंद्रिय आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. दाणा बघून, वास घेऊन, चावून यातलं काही कळत नाही. कुणी घरच्या घरी ओळखायची युक्ती सांगत असेल तर ऐकून सोडून दे.

मग करायचं काय? माईची रीत कर. तिच्या घरात कुकर फार उशिरा आला. ती मोठ्या गंजात भरपूर आधण ठेवायची, तांदूळ तीन पाण्यांनी धुऊन वैरायची, शीत बोटाने दाबून बघायची आणि वेळणी लावून पाणी काढून टाकायची. भात मोकळा होतो म्हणून ती वेळायची, पण त्या पाण्याबरोबर आर्सेनिकचा बराच भाग निघून जात होता. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाने २०२० साली याचीच सुधारलेली पद्धत तपासली. एका वाटी तांदळाला चार वाट्या पाणी उकळायला ठेवायचं, आधण आलं की धुतलेला तांदूळ टाकून पाच मिनिटं उकळायचा, ते पाणी ओतून द्यायचं, मग दोन वाट्या ताजं पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर मुरवायचा. पांढऱ्या तांदळातलं आर्सेनिक यात निम्म्याहून बरंच जास्त कमी होतं आणि सगळं पाणी शेवटी फेकल्यावर जेवढी जीवनसत्त्वं जातात तेवढी जात नाहीत. गॅसही फार लागत नाही. कॅडमियम मात्र असं फारसं सुटत नाही, म्हणून वेळण्यावर सगळा भरवसा टाकू नकोस. आणि ज्या पाण्याने शिजवायचं तेच वाईट असेल तर सगळी मेहनत उलटी, कारण तांदूळ पाणी पितो आणि पाण्यातलं सगळं घेऊन बसतो.

यात एक पेच आहे. रेशनचा तांदूळ आता पोषणयुक्त असतो. शंभर दाण्यांत एक दाणा तांदळाच्या पिठापासून बनवलेला, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेलं. तो थोडा वेगळा दिसतो, पाण्यात तरंगतो. त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बाया निवडून फेकतात, हे पाहून जीव तुटतो. फेकू नकोस. फार चोळून धुतलास, पाणी ओतलंस, तर त्यातला गुण थोडा जातो. म्हणून माझं मत असं: घरात ज्याच्या अंगात रक्त कमी आहे, बाळंतीण आहे, वाढती मुलगी आहे, त्यांचा रेशनचा तांदूळ हलक्या हाताने धुऊन मोजक्या पाण्यात शिजव, आणि दुसऱ्या वेळेला त्यांना भाकरी दे. ज्याचं दोन्ही वेळा भाताशिवाय भागत नाही, त्याचा भात वेळून काढ. लहान लेकराला पहिल्या घासापासून नुसत्या तांदळाच्या पेजेवर ठेवू नकोस. त्याच्या वजनाच्या मानाने त्याच्या पोटात जास्त जातं. नाचणी, मूग, ज्वारीचं पीठ आलटून पालटून दे. अमेरिकेने बाळांच्या तांदळाच्या सत्त्वासाठी २०२० साली मोठ्यांच्या तांदळाहून कडक मर्यादा ठरवली ती याचसाठी.

भात मोजताना ताटातल्या भातावर थांबू नकोस. सकाळचा सुशीला, दुपारचे पोहे, मुलांची इडली, चिवड्यातले चुरमुरे, सगळा तांदूळच. आणि तब्येतीला चांगला म्हणून हातसडीचा तांदूळ रोज खायचं कुणी सांगितलं तर लक्षात ठेव की आर्सेनिक कोंड्यात जास्त असतं. आठवड्यातून एखादा दिवस खा, रोज नको.

आता त्या जपानी बायांकडे परत येतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तुझी आहे. शरीरात लोह कमी झालं की आतडी लोह ओढण्याची वाट मोठी करतात, आणि कॅडमियम त्याच वाटेने आत शिरतं. अंगात रक्त कमी असलेल्या बाईच्या शरीरात तोच भात खाऊन जास्त कॅडमियम जातं. आपल्याकडे सगळ्यांना वाढून उरलेलं बाईने खायचं, ही रीत अजून गेलेली नाही. किडनी वाचवायची तर आधी रक्त वाढव. शेपू, चुका, अंबाडी, करडईची भाजी खा, वर लिंबू पिळ. जेवणाबरोबर चहा नको, तासाभराचं अंतर ठेव. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात त्या फडताळात साठवू नकोस. ज्वारी घेताना मिळाली तर 'परभणी शक्ती' घे. परभणी विद्यापीठ आणि हैदराबादची इक्रिसॅट संस्था यांनी २०१८ साली काढलेला हा वाण आहे, साध्या ज्वारीपेक्षा त्यात लोह आणि जस्त जास्त.

पाण्याचं मी पत्राच्या मथळ्यातच लिहिलं आहे. नांदेडच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, किनवटकडे, बिलोली-देगलूरकडे, काळ्या पत्थराखालचा ग्रॅनाइट वर येतो, आणि त्या खडकातलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरतं. फ्लोराइड जड धातू नाही, पण ते शरीराबाहेर टाकायचं काम किडनीचंच आहे. किडनी कमजोर झाली की ते आत साचतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा पर्यायच नसेल तर १.५ पर्यंत. आर्सेनिक ०.०१ च्या वर नको. तिकडे पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, किडनीच्या आजाराने गावंच्या गावं हवालदिल झाली आहेत, आणि तिथले लोक बोट दाखवतात ते पाण्याकडेच. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते वर्ष तुला आठवत असेल. त्यानंतर ज्याने त्याने बोअर खोल नेले. बोअर खोल गेला की पाणी बदलतं. जुना अहवाल मग कामाचा नाही, दर वेळी नव्याने तपासायचं.

आणि उकळून पाणी शुद्ध होतं, हे जंतूंपुरतं खरं. धातू आणि फ्लोराइड उकळल्याने जात नाहीत, पाणी आटलं की उलट घट्ट होतात. गाळणी, तुरटी यांनीही आर्सेनिक-कॅडमियमवर निभाव लागत नाही. घरी आरओ असेल तर स्वयंपाकालाही तेच पाणी वापर, आणि त्याचा पडदा वेळेवर बदल.

भांड्यांचं थोडक्यात सांगतो. जर्मनच्या भांड्यात चिंचेची आमटी, कढी, टमाट्याचं सार शिजवू नकोस, ठेवू तर नकोच. आंबटाने ॲल्युमिनियम सुटतं. धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते, तुझ्या सासऱ्यांची टाकणार नाही. त्यांच्यासाठी स्टीलची भांडी कर. भंगार वितळवून केलेली बिनशिक्क्याची भांडी आठवडी बाजारातून घेऊ नकोस, त्यात शिसंही असतं. पितळेच्या पातेल्याला कल्हई करताना कथील शुद्ध आहे ना, ते विचार. शिशाची भेसळ केली की कल्हई स्वस्त पडते. शिशाची भेसळ हळदीतही होते, पण चांगली हळद आपल्याला जवळच मिळते. वसमत-हिंगोलीची हळकुंडं आण, धुऊन वाळव आणि दळून घे. फार चकचकीत पिवळं हळकुंड असेल तर नको. तो रंग चढवायला लेड क्रोमेट वापरल्याचं अनेक ठिकाणी सापडलं आहे. बांगलादेशात २०१९ साली हे उघड झालं, सरकारने धाडी घातल्या आणि दोन वर्षांत बाजारातली भेसळ जवळजवळ संपली. मनावर घेतलं तर होतं.

औषधांबद्दल मी थोडा कडक आहे, रागावू नकोस. यात्रेत, बसस्टँडजवळ, नाव नसलेल्या पुडीतून 'किडनीचं औषध' विकणारे भेटतील. त्या पुडीत पारा, शिसं काय आहे ते कुणी सांगू शकत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२२ साली पारा असलेल्या पारंपरिक औषधांचा आणि किडनीतल्या एका विकाराचा संबंध दाखवून दिला. आणि गोरं करणारी क्रीम! अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघी, आई आणि मुली, किडनीच्या विकाराने आजारी पडल्याचं २०२३ च्या सुरुवातीला उघड झालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. डबीवर कारखान्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेली क्रीम घरात ठेवू नकोस, तुझ्या नणंदेलाही हे सांग.

गुडघा दुखतो म्हणून मेडिकलवरून रोज वेदनाशामक गोळी घेणं सासऱ्यांनी आजच थांबवलं पाहिजे. उन्हाळ्यात शेतातून घामाघूम होऊन यायचं, पाणी प्यायचं नाही आणि वर ती गोळी घ्यायची, हे किडनीला तांदळापेक्षा कितीतरी लवकर मारतं. तंबाखू-चुना आणि बिडीही तसंच. तंबाखूचं पान मातीतलं कॅडमियम ओढून साठवतं, आणि धुरातून फुप्फुसात गेलेलं कॅडमियम अन्नातल्यापेक्षा जास्त प्रमाणात रक्तात मिसळतं. तोंडाने बिडी ओढत भाताची चिंता करण्यात अर्थ नाही. सासूबाईंची मिसरीही सोडव. हे तुला बोलायला अवघड जाईल, तर मी आल्यावर मी बोलतो.

आणि सासऱ्यांच्या ताटाचं. किडनी बिघडलेल्या माणसाला ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतलं पोटॅशियम आणि फॉस्फरस कधी कधी झेपत नाही. डॉक्टर अशांना पांढरा भातच खायला सांगतात. म्हणजे तू भात बंद करून ज्वारी वाढवलीस ते तुझ्यासाठी, तुझ्या नवऱ्यासाठी चांगलं असेल, त्यांच्यासाठी कदाचित नसेल. रक्ताचा अहवाल घेऊन किडनीच्या डॉक्टरांना नाही तर आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्यांचं ताट बदलू नकोस. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्था आहे, नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे दाखव, फुले जनआरोग्य योजनेचं कार्डही बरोबर ठेव. त्यांची साखर आणि रक्तदाब आधी बघायला सांग. आपल्याकडे किडनी जाण्याची पहिली दोन कारणं तीच आहेत, धातू त्यांच्या पुष्कळ मागे.

क्रिएटिनिन निम्मी किडनी कामातून गेल्याशिवाय फारसं वाढत नाही. म्हणून तुझ्या नवऱ्याचं क्रिएटिनिन नीट आहे यावर समाधान मानू नकोस, त्याच्या लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा तपास. वडिलांना झालं म्हणून मुलाला होतंच असं नाही, पण दोघं एकाच बोअरचं पाणी प्यायले आहेत.

या आठवड्यात एवढं कर. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत जा, बोअरच्या पाण्याचा नमुना दे, आणि फ्लोराइड-नायट्रेटबरोबर जड धातूही तपासायचे आहेत हे वेगळं सांग, नाहीतर नेहमीच्या तपासणीत ते धरत नाहीत. धातूंच्या नमुन्याची बाटली त्यांच्याकडूनच घे. त्याच दिवशी नवऱ्याची लघवी तपासून घे, तुझं हिमोग्लोबिनही. तिन्ही कागद आले की मला पाठव.